रेडिओ कोणाचा, गाणी कोणाची?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात शहापूर-मुरबाड भागातील आपल्या कार्यकर्तीने केलेले भाषण. अनेकांनी मागणी केल्यावरून येथे छापत आहोत.)



दर वर्षी मी आपल्यापुढे उभी राहते ती पाड्यांवरच्या आरोग्याच्या कामाचा अहवाल घेऊन. किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, किती मुलांचे वजन वाढले, कुठे विहीर आटली. तो अहवाल या अंकात वेगळा दिला आहे, तो आपण वाचावा. आज मला रेडिओबद्दल बोलायचे आहे.

कारण असे घडले. दिवाळीनंतर आपल्या मंडळीतले एक बंधू मला भेटले. ते म्हणाले, "ताई, शहापूरला आपला स्वतःचा रेडिओ काढू या. ट्रान्समीटर, टॉवर, स्टुडिओ, जो काही पहिला खर्च असेल तो मी देतो. तुम्ही फक्त हो म्हणा." खरे सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. गेली १८ वर्षे मी या दोन तालुक्यांत पायी हिंडते आहे. एकच गोष्ट, उलटी-जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, मी किती अंगणांत किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. आणि इथे एक माणूस म्हणतो की एका जागी बसून बोल, सगळ्यांना ऐकू जाईल!

कमिटीने मला सांगितले की आधी नीट चौकशी करा, मग मेळाव्यात सांगा. मी चार महिने चौकशी केली. जुनी पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले, आणि पाड्यांवर बसून ऐकले. माझे उत्तर मी आधीच सांगून टाकते, म्हणजे आपण शेवटपर्यंत तिष्ठत राहणार नाही. माझे उत्तर आहे, आत्ता नको. का नको आणि त्याऐवजी काय, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिली कंपनी

आमच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता. वडील दर वर्षी पोस्टात जाऊन त्याच्या परवान्याचे पैसे भरून येत. आम्हा मुलांना वाटे, रेडिओ आपला असून त्याचे भाडे कशाला? वडील म्हणत, "पेटी आपली, आवाज सरकारचा." हे वाक्य मला या चार महिन्यांत पुष्कळदा आठवले.

आवाज पहिल्यापासून सरकारचा नव्हता. १९२३ च्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबने हौसेने प्रक्षेपण सुरू केले. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी निघाली. तिने सरकारशी करार केला आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. महिनाभरात, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र सुरू झाले. मोठा समारंभ झाला, भाषणे झाली, सगळ्यांना वाटले आता देशभर आवाज जाणार.

आता हिशोब ऐका. कंपनीचे अधिकृत भांडवल १५ लाख रुपये ठरले होते. प्रत्यक्षात जमले ६ लाख. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच गेले. म्हणजे इमारत, यंत्रे, समारंभ झाल्यावर कार्यक्रम चालवायला हाताशी उरले दीड लाख. रोजचे उत्पन्न कुठून येणार? रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे ८ रुपये, कंपनीला मिळायचे. परदेशातून येणाऱ्या रेडिओसंचांच्या किमतीवरही कंपनीला १० टक्के मिळत. कागदावर हे छान दिसते. पण तीन वर्षे होत आली तरी अख्ख्या हिंदुस्थानात परवानाधारक आठ हजारांच्या आत होते. संच महाग. आणि ज्यांच्याकडे संच होते त्यांतले कितीतरी जण परवाना न घेताच ऐकत.

आणखी एक गोष्ट. मुंबईचा ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा होता. त्याचा आवाज नीट पोहोचे तो सुमारे ३० मैल. आजच्या भाषेत ४८ किलोमीटर. हवेतून मोजले तर कल्याण जेमतेम गाठले जाईल. आपले आसनगाव स्टेशन मुंबईपासून ८५ किलोमीटरच्या आसपास, मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. देशाचा रेडिओ सुरू झाला तेव्हा आपले दोन्ही तालुके त्याच्या हद्दीबाहेर होते.

१ मार्च १९३० ला ती कंपनी बुडाली. तीन वर्षेसुद्धा झाली नव्हती. १ एप्रिलपासून सरकारने दोन वर्षांच्या बोलीवर केंद्रे चालवायला घेतली. पण मंदीचे दिवस होते, सरकारलाही तोटा सोसवेना. ऑक्टोबर १९३१ मध्ये केंद्रे बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा लोकांनी ओरड केली, आणि ज्या व्यापाऱ्यांकडे रेडिओसंच पडून होते त्यांनीही केली. निर्णय मागे घ्यावा लागला. मे १९३२ मध्ये रेडिओ सरकारनेच कायमचा चालवायचा असे ठरले. संचांवरची जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली आणि त्यातून पैसा उभा केला. ८ जून १९३६ ला त्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. वडील म्हणत तो "सरकारचा आवाज" असा जन्माला आला.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण बचत गटाचे वहीखाते लिहिणारी कोणतीही बाई हे पाहून एकच म्हणेल. घर बांधायला पैसा काढला, चूल पेटती ठेवायला काढला नाही.

गाणी कोण ठरवतो

पैशाचा प्रश्न आला की मालकाचा प्रश्न येतो. आणि मालक ठरला की गाणी तो ठरवतो.

आपण मंडळीत पेटी वाजवून गातो. ही हातपेटी, हार्मोनियम, मुळात पाश्चात्त्य वाद्य. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, आणि आपल्या भजनात, कीर्तनात, नाटकात, सगळीकडे बसली. इतकी बसली की ती बाहेरची आहे हेच लोक विसरले. आणि या पेटीला १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर बंदी होती! हिचे सूर ठरीव, आपल्या गाण्यातल्या बारीक श्रुती आणि मींड हिच्यावर निघत नाहीत, असे जाणकारांचे मत पडले. सुमारे तीस वर्षे ही बंदी टिकली. घराघरांत पेटी वाजत होती, फक्त रेडिओवर नव्हती.

दुसरी गोष्ट १९५२ ची. त्या वर्षी बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, विद्वान, शास्त्रीय संगीताचे प्रेमी. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. लोकांनी काय केले? बटण फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. ऐकणारे आपले, गाणी आपल्या मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली, जाहिरात देणाऱ्या कंपन्या इथल्या, आणि पैसा जात होता कोलंबोला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

केसकरसाहेबांना मी नावे ठेवत नाही. त्यांनी शास्त्रीय गवयांना आकाशवाणीचा आधार दिला, हे उपकार मोठे आहेत. पण मी त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहते आणि मला भीती वाटते. लोकांच्या भल्यासाठी त्यांनी काय ऐकावे हे आपण ठरवायचे, ही खोड आपल्यालाही आहे. आपल्या मंडळीला तर हे चांगले ठाऊक असायला हवे. विलायती चालींवर मराठी शब्द बसवलेली गीते आपल्याकडे कितीतरी वर्षे गायली गेली. पण कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांतून गायला शिकवले, तेव्हा ती भक्ती घरच्या आवाजात आली. आज उपासना संगीत उघडले की आपल्याला आवडते ते कोणते गाणे, हे प्रत्येकाने मनात पाहावे.

आपल्याच काळातल्या गोष्टी

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना सेशेल्स बेटांवरून येणारे फेबाचे ख्रिस्ती कार्यक्रम आठवत असतील. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर खरखरीतून तो आवाज शोधावा लागे. १९७० ला ते प्रक्षेपण सुरू झाले आणि २००३ मध्ये तो ट्रान्समीटर बंद झाला. ३३ वर्षांची सवय एका दिवशी संपली.

दुसरे उदाहरण वर्ल्डस्पेसचे. उपग्रहावरून येणारा हा रेडिओ. त्याचे संस्थापक नोआ समारा मूळचे इथिओपियाचे. आफ्रिकेतल्या गरीब लोकांपर्यंत एड्ससारख्या आजारांची माहिती पोहोचावी, हा त्यांच्या मनातला पहिला हेतू. हेतू किती चांगला! पण उपग्रहाचा खर्च अफाट, आणि गरीब माणूस तो भरून देऊ शकत नव्हता. मग ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला आवडेल ते विकायचे ठरले. आपल्या देशात शहरांतल्या लोकांनी वर्गणी भरून तो घेतला. रोज चोवीस तास, जाहिराती नाहीत, प्रत्येक प्रकारच्या संगीताची वेगळी वाहिनी. मराठी गाण्यांची सुरभी नावाची वाहिनी होती, ती पुष्कळ घरांत दिवसभर लागलेली असे. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा बंद पडली. श्रोते नाराज नव्हते, गाण्यांत खोट नव्हती. मालक दुसऱ्या देशात बुडाला आणि इथली सुरभी गप्प झाली.

खासगी एफएमचेही पाहा. सरकारने पहिला लिलाव केला तेव्हा मुंबईच्या एका वाहिनीची परवाना फी वर्षाला पावणेदहा कोटी रुपये झाली होती, वर दर साल १५ टक्के वाढ. एवढे पैसे भरायचे तर जास्तीत जास्त श्रोते हवेत. म्हणून सगळ्यांनी धरली तीच ती हिंदी सिनेमाची नवी गाणी. मुंबईत राहून मराठी गाणे ऐकायला आकाशवाणीकडेच यावे लागे. काही वाहिन्या बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. २००५ मध्ये सरकारने रीत बदलली आणि उत्पन्नाचा ४ टक्के वाटा घ्यायचे ठरवले, तेव्हा कुठे श्वास घेता आला. तरीही अलीकडे बिग एफएमसारखी देशभर केंद्रे असलेली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये नव्या मालकाकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे सगळे सांगायचे कारण, या लोकांकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा होता, हुशार माणसे होती. तरी रोजचा खर्च कोण देणार या एका प्रश्नावर सगळी गाडी अडली.

नियम काय म्हणतो

एफएमच्या त्या लिलावात धार्मिक संस्थांच्या ताब्यातल्या कंपन्यांना भागच घेता येत नाही. आपल्यासारख्या सेवाभावी संस्थेसाठी असतो तो सामुदायिक रेडिओ. आधी तो फक्त शिक्षणसंस्थांना मिळे. २००६ च्या अखेरीस तो संस्थांनाही खुला झाला. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात दलित बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. म्हणजे गावच्या बायका रेडिओ चालवू शकतात, याबद्दल मनात शंका नको.

नियम असे आहेत. संस्था किमान तीन वर्षांची नोंदणीकृत हवी. मालकी आणि कारभार यांत त्या समाजाची माणसे दिसली पाहिजेत. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने झालेले हवेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. जाहिरात पूर्वी तासाला ५ मिनिटे चाले, नंतर ७ झाली, आणि २०२४ पासून १२. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला आहे. ट्रान्समीटरची शक्ती साधारणपणे १०० वॉट, त्याचा आवाज सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर जातो.

शेवटचा आकडा ऐकून आपण नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहापूरच्या बाजारपेठेत टॉवर उभा केला तर आवाज कुणाला ऐकू येईल? बाजारपेठेला, आणि महामार्गाकडेच्या गावांना. डोळखांबच्या मागचे पाडे, टोकावड्याकडून माळशेजच्या पायथ्याला गेलेले पाडे, इथे मध्ये डोंगर उभे आहेत. एफएमचा आवाज डोंगर ओलांडत नाही. ज्यांच्यासाठी रेडिओ काढायचा तेच पुन्हा हद्दीबाहेर. १९२७ साली होते तसेच.

आणि आमचा कातकरी भाऊ तर वर्षातले सहा-सात महिने भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर असतो.

आमचा डबा

आता मला एक कबुली द्यायची आहे. रेडिओसारखे काहीतरी आपण आधी करून पाहिले आहे, आणि त्यात माझी चूक झाली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी काहींनी दिलेल्या देणगीतून मी मेमरी कार्ड टाकून वाजणारे दहा स्पीकर घेतले. पाड्यावर त्याला सगळे "डबा" म्हणतात. त्यात आम्ही अर्ध्या तासाचा कार्यक्रम भरायचो. थोडी आरोग्याची माहिती, मध्ये गाणी. गाणी मीच निवडली होती. आपली काही गीते, काही हिंदी, काही रेडिओवरची जुनी मराठी.

पहिल्या आठवड्यात पाडा जमला. दुसऱ्यात निम्मा आला. तिसऱ्यात मुलेच उरली. एक ठाकर म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती, तिला मी विचारले, "आजी, ऐकत का नाही?" ती म्हणाली, "ताई, डबा बोलतो चांगला. पण यात आमची गानी नाय. दुसऱ्याच्या लग्नात किती येळ बसायचा?"

त्या दिवशी मी फोनवर तिचे गाणे भरून घेतले. हळद लावतानाचे. मग दुसरीचे, मग कांबडनाचाचा ढोल, एका वारली दादाचा तारपा. कार्यक्रम तोच, माहिती तीच, गाणी बदलली. चौथ्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. म्हातारी पुढे बसून स्वतःचाच आवाज ऐकत होती आणि चूक झाली तिथे मोठ्याने हसत होती. मण्यार चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून झोपेत कळत नाही, पहाटे पोटात दुखले, पापण्या जड झाल्या तर झाडपाल्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा, हा निरोप त्या हळदीच्या गाण्यानंतर येई. बायकांना तो पाठ झाला.

ही झाली चांगली बाजू. देणगी स्पीकर विकत घेण्यासाठी होती. दुसऱ्या वर्षी पावसाळा तोंडावर आला तेव्हा सहा डब्यांच्या बॅटऱ्या मेल्या होत्या. दोन ओले होऊन बिघडले. दुरुस्तीचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, मला सुचेना. मी म्हटले पुढच्या मेळाव्यात मागू. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने गेले.

त्या जुलैत भट्टीवरून परत आलेल्या एका कातकरी कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा पहाटे पोट दुखते म्हणून रडू लागला. घरच्यांना वाटले अपचन. दवाखान्यात आणला तेव्हा दुपार झाली होती आणि त्याला डोळे उघडवत नव्हते. त्याला पुढे मोठ्या इस्पितळात न्यावे लागले, कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. देवाच्या दयेने तो वाचला, आज शाळेत जातो. डबा चालू असता तर आई त्याला पहाटेच घेऊन आली असती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण ती आई मला म्हणाली, "ताई, मागच्या साली डबा बोलायचा तवा मी ऐकायची. यंदा तो बोललाच नाय. मला वाटलं तुमचं काम संपलं."

बंधुभगिनींनो, याला दोष द्यायला दुसरे कुणी नाही. मी इमारत बांधली आणि चुलीला पैसा ठेवला नाही. मुंबईच्या त्या कंपनीची गोष्ट वाचताना मला हसू आले नाही ते याचमुळे.

पण दहांतले दोन डबे त्या तीन महिन्यांतही चालू होते. का, ते मला नंतर कळले. मुरबाडकडच्या त्या दोन पाड्यांवर बायकांच्या बचत गटाने डबा आपल्या ताब्यात घेतला होता. दर घरामागे महिन्याला ५ रुपये. बॅटरी गेली तेव्हा त्यांनी म्हसाच्या बाजारात जाऊन ती बदलली, मला विचारलेसुद्धा नाही. नवी गाणीही त्यांनीच भरली होती. त्यांत दोन-तीन सिनेमाची होती, अगदी धांगडधिंग्याची! मी जरा नाक मुरडले. गटाची अध्यक्षा म्हणाली, "पोरांना ती आवडतात. पोरं आली तर त्यांच्या आया येतात." केसकरसाहेबांना हे कोणी सांगितले असते तर विविध भारती पाच वर्षे आधी निघाली असती.

माझे मागणे

तर मी देणगी देऊ करणाऱ्या त्या बंधूंना काय सांगितले ते ऐका. मी म्हटले, "भाऊ, ट्रान्समीटरचे पैसे आत्ता देऊ नका. त्याच्या थोड्याशा भागात पाच वर्षे डबे चालतील. पण ते पाच वर्षे थोडे थोडे द्या, आणि त्यावर नाव कुणाचे लावू नका." ते थोडे नाराज झाले. टॉवर दिसतो, बॅटरी दिसत नाही, हे मलाही कळते. ते म्हणाले, "सभेपुढे ठेवा, सभा काय म्हणते पाहू." म्हणून ठेवते आहे.

पहिले मागणे, या कामासाठी जी देणगी येईल तिचा अर्धा भाग दुरुस्ती, बॅटरी, ध्वनिमुद्रण आणि प्रवास यांसाठी बाजूला राहावा, आणि तो पाच वर्षांचा असावा. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला लहान रक्कम देणारी २० घरे मला हवी आहेत.

दुसरे, डबा ज्या पाड्यावर जाईल तिथल्या बचत गटाच्या मालकीचा होईल. पावती त्यांच्या नावाने. महिन्याची वर्गणी किती ते त्यांनी ठरवायचे, पण ती असलीच पाहिजे. पाच रुपये का होईना, ज्याने भरले तो विचारतो की डबा का बंद आहे.

तिसरे, गाणी त्यांची. ज्या आजीचे गाणे भरले तिला विचारून भरायचे, आणि त्याची एक प्रत तिच्या घरी ठेवायची. म्हातारी माणसे जात आहेत, त्यांच्याबरोबर गाणी जात आहेत. आपली गीते त्यांना हवी असतील तेव्हा ते मागतील. कुणी मागितली तर मला आनंदच आहे. पण माहितीच्या पोटात लपवून ती कुणाच्या घरात शिरवायची नाहीत. तसे केले तर दवाखान्याच्या निरोपावरचाही विश्वास उडेल.

चौथे, वीटभट्टीच्या हंगामात दोन डबे भट्टीवर जातील. माणूस जिथे आहे तिथे आवाज गेला पाहिजे.

आणि रेडिओ? पाच वर्षांनी वीस-पंचवीस पाड्यांवरच्या बायका आपला डबा आपल्या पैशाने चालवत असतील, कार्यक्रम स्वतः करत असतील, तर सामुदायिक रेडिओचा अर्ज करायला मीच पुढे होईन. तेव्हा नियमात लिहिलेली मालकी नुसती कागदावर राहणार नाही. तोवर मुंबईच्या पहिल्या केंद्रासारखे घाईने उद्घाटन करायला माझे मन घेत नाही.

आपल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि मुंबईची गाणी आपल्याकडे येतात. त्याला माझी हरकत नाही, मीही ती गुणगुणते. फक्त पाड्यावर संध्याकाळी एक तरी आवाज असा असावा की जो ऐकून म्हातारी म्हणेल, ही तर माझी जाऊ गाते आहे.

त्या नऊ वर्षांच्या मुलाची आई आता तिच्या पाड्यावरच्या गटाची सभासद आहे. या पावसाळ्याआधी तिथे डबा पोहोचवायचा मी शब्द दिला आहे. मे संपायला फार दिवस उरलेले नाहीत. सभेने विचार करावा, आणि या कामाची प्रार्थनेत आठवण ठेवावी, एवढीच विनंती करून मी बसते.

सलाम.